नक्षीच्या छापील वह्या: कारागिरांसाठी, की हौशी बायकांसाठी? (युरोप, सोळावं शतक)

सुईदोरा (धागाकर्ती)

१५३८ साली स्ट्रासबुर्गमध्ये हाइनरिश फोग्टहेर नावाच्या चित्रकाराने एक पातळशी वही छापली. आत शिरस्त्राणं, तऱ्हेतऱ्हेच्या टोप्या घातलेली बायकापुरुषांची डोकी, हात, पाय, खांबांची शीर्षं, चिलखतं, सगळं पानापानावर दाटीवाटीने मांडलेलं. प्रस्तावना सोडली तर वाचायला काही नाही. पण ती प्रस्तावना झकास आहे. ज्यांच्यामागे बायकापोरांचा संसार लागलाय, ज्यांना दूरदेशी जाणं जमत नाही, अशा कारागिरांना हाताशी काही असावं म्हणून हे पुस्तक काढलं, असं तो सांगतो. शिवाय धर्मसुधारणेनंतर (म्हणजे लूथरच्या पोपविरोधी बंडानंतर) जर्मन मुलखात कलेला उतरती कळा लागली, असंही रडगाणं गातो. ते खोटं नव्हतं. चर्चमधल्या मूर्ती आणि वेदीचित्रांची कामं आटली होती आणि हा बाबा स्वतःच त्या धंद्यातला.

त्याआधी नवी नक्षी कारागिराकडे यायची कशी? एक तर उमेदवारी संपली की गावोगाव हिंडून दुसऱ्या उस्तादांकडे काम करायचं आणि जे दिसेल ते वहीत उतरवून घ्यायचं. नाहीतर आपल्या उस्तादाच्या पेटीतल्या चित्रांवर भागवायचं, आणि ती पेटी तो सहसा कुणाला उघडू देत नसे. लाकडी ठशांची छपाई स्वस्त झाल्यावर ही पेटीच बाजारात विकायला आली. सोनार, सुतार, भरतकाम करणारे, कुंभार, बंदुकीच्या दस्त्यावर हस्तिदंत बसवणारे, सगळ्यांसाठी पुढच्या शंभर वर्षांत अशा वह्या आणि सुटी पानं निघाली.

मला सगळ्यात रस आहे तो कापडावरच्या कामाच्या वह्यांत. पहिली छापील वही आउग्सबुर्गच्या धाकट्या योहान शोन्सपेर्गरची, १५२३-२४ च्या सुमाराची. १५२७ हे साल तर मोठं गमतीचं. त्या एका वर्षात कोलोनला पेटर क्वेंटेलची वही निघाली, व्हेनिसमध्ये जोव्हान्नी अंतोनिओ तालिएंतेची निघाली, आणि साधारण त्याच सुमारास आलेस्सांद्रो पागानिनोची ‘बुरात्तो’ही आली. तालिएंते हा व्हेनिसमधला वळणदार अक्षर शिकवणारा मास्तर, अक्षरवळणाचं पुस्तक त्याने आधीच काढलेलं होतं. म्हणजे आपल्याकडे जो सुलेखनाची पुस्तिका काढतो तोच रुमालावरच्या वेलबुट्टीचीही काढतो, तसलं प्रकरण.

पागानिनोच्या वहीत एक चित्र आहे, त्यावर मी बराच वेळ अडकले होते. बायका नक्षी कापडावर उतरवताहेत. एक जण कागदाला टोचलेल्या भोकांवरून पुरचुंडीतली कोळशाची पूड आपटते आहे. एकीने कागद आणि कापड खिडकीला धरलंय आणि उजेडात रेघा गिरवते आहे. आणखी एकीने तेच काम दिव्यावर चालवलंय, दिवा खाली आणि कापड वर. याखेरीज त्या वहीत बरीच पानं नुसत्या जाळीची आहेत, बारीक-मोठ्या चौकडीची, आत नक्षी नाहीच. तुम्हीच भरा! छापील आलेख कागद, तोही पाचशे वर्षांपूर्वी, विणकाम-भरतकामासाठी.

आता मुद्दा. टोचे मारून नक्षी उतरवायची म्हटलं की पानाची चाळण होते. चार वेळा वापरलं की ते फाटतं. म्हणून या वह्यांच्या कित्येक आवृत्त्यांची आज जगात एखाददुसरीच प्रत उरली आहे, तीही बऱ्याचदा पानं गळालेली. आणि ज्या प्रती कोऱ्या करकरीत राहिल्या त्या बहुधा ज्यांनी सुई हातात धरली नाही त्यांच्या कपाटात होत्या. थोडक्यात, संग्रहालयात आपण बघतो ती न वापरलेली पुस्तकं. वापरलेली संपली. माझं मत असं की या वह्या खरोखर कामाच्या वह्या होत्या आणि त्यांचं नाहीसं होणं हाच त्याचा पुरावा. पटतंय का बघा.

गावगुंड_पेशवे

वाचनखूण साठवली आहे. भरतकामातलं मला ओ की ठो कळत नाही, बटण तुटलं की शर्ट बदलतो. पण एक शंका आहे: एकाच वर्षी तीन-तीन वह्या? मग चोरीचं काय? नक्षी एकाची आणि छापणारा दुसराच, असं चालायचं का?

सुईदोरा

@पेशवे, बिनधास्त चालायचं. क्वेंटेलच्या वहीतल्या बऱ्याच नक्ष्या शोन्सपेर्गरवरून घेतलेल्या आहेत. व्हेनिसमध्ये त्सोप्पिनो, व्हावास्सोरे, पागानो (हा पागानिनो नव्हे) हे सगळे छापणारे एकमेकांच्या पानांवर हात मारत होते. व्हेनिसचं सरकार छपाईचा हक्क ठरावीक वर्षांसाठी देत असे, पण तो व्हेनिसच्या हद्दीपुरता. डोंगर ओलांडून जर्मनीत गेलं की कोण विचारतो! उचलेगिरी करताना एक मात्र घडायचं. छापील पान लाकडावर ठेवून कोरलं की छापताना नक्षी उलटी येते, डावीकडे तोंड असलेला मोर उजवीकडे बघायला लागतो. त्यामुळे मूळ कुणाचं आणि उचललेलं कुणाचं याचा माग काढता येतो. भरतकाम करणारीला मात्र डावं-उजवं सगळं सारखंच.

आणि एक निरीक्षण, निष्कर्ष नाही. या वह्या छापणारे छापखाने बघा. क्वेंटेलच्या छापखान्यात १५२५ मध्ये विल्यम टिंडेलचा इंग्रजी नवा करार (बायबलचा दुसरा भाग) चोरून छापणं चालू होतं, मध्येच बिंग फुटलं आणि टिंडेल पळाला. पागानिनोने पुढे १५३७-३८ च्या सुमारास चक्क अरबी कुराण छापलं, छापील कुराणांतलं पहिलं, ज्याची एकुलती एक प्रत १९८७ मध्ये व्हेनिसच्या एका मठात सापडली. झुरिकच्या फ्रोशाउअरने १५३१ चं बायबल छापलं आणि लेसच्या नक्ष्यांची वहीही छापली. एकीकडे अंगाशी येईल अशी पुस्तकं, दुसरीकडे हमखास खपणाऱ्या वेलबुट्ट्या. छापखान्याची चूल कशावर पेटत असेल याचा अंदाज करा.

कोरणीवाला

ताई, लेख आवडला. पण सगळ्या वह्यांना एकाच मापाने मोजू नका. आमच्या घरात सोनारकाम, म्हणून त्या बाजूने लिहितो.

सोनारांसाठी पुस्तक क्वचित, सुटी पानं जास्त. आणि ती करणारे बहुतेक स्वतःच सोनारकीत तयार झालेले. इस्राएल फान मेकेनेम सोनार. प्रसिद्ध चित्रकार ड्यूररचा बाप सोनार आणि ड्यूरर त्याच्याच हाताखाली शिकला. एतिएन दलोन पॅरिसच्या टांकसाळीत काम केलेला. याला कारण आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरणी चालवून छपाईचा ठसा करणं आणि चांदीच्या वाटीवर कोरणी चालवणं, दोन्हीला हात एकच लागतो. त्यामुळे या माणसांच्या नक्षीत जी रेघ आहे ती कोरणीने काढता येणारीच रेघ आहे. नुसता चित्रकार अशी रेघ काढतो की पत्र्यावर ती मरते. हे मी दुकानात रोज बघतो. गिऱ्हाईक मोबाइलवर डिझाइन घेऊन येतं, दिसायला छान, पण पत्र्यावर येणार कसं हे त्यात नसतंच.

सोएस्ट गावच्या आल्डेग्रेव्हरची कट्यारीच्या म्यानांची पानं बघा. म्यान जेवढं असायचं जवळपास तेवढंच चित्र. वर माणसांची जोडी, खाली निमुळती होत जाणारी पानांची वेल, टोकाशी गाठ. मापात असल्याने सरळ उचलता येतं. शतकाच्या शेवटी शेवटी मीनाकारीसाठीची पानं निघाली, काळ्यावर पांढऱ्या इवल्या नक्ष्यांची. ती इतकी बारीक की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं छापण्यात काही घोळ झालाय. घोळ नाही, अंगठीच्या खांद्यावर तेवढीच जागा असते.

दलोनचं १५७६ चं सोनाराच्या दुकानाचं चित्र तर मी फोनवर वॉलपेपर म्हणून ठेवलंय. खिडकीशी कामाचं टेबल, वाकलेल्या माना, भिंतीवर ओळीने टांगलेले कानस-पक्कड-चिमटे, बाजूला भट्टी. अवजारांतली निम्मी मला नावानिशी सांगता येतात.

आणि कागद हा एकच नमुना नव्हता. न्यूरेंबर्गच्या पेटर फ्लोटनरने शिशाच्या पातळ उठावदार पट्ट्या केल्या, त्या दुकानादुकानांत फिरत. साचा घ्या, ओता, पेल्याच्या कडेला बसवा. फ्लोटनर १५४६ मध्ये गेला, त्याच्या कागदावरच्या वेलींची वही झुरिकला १५४९ मध्ये निघाली. म्हणजे माणूस गेल्यावरही माल विकला जात होता.

खडूस_वाचक

छान छान म्हणणारे बरेच आले, आता थोडं पाणी ओततो.

“कारागिरांसाठी अत्यंत उपयुक्त” हे मुखपृष्ठावर छापलेलं वाक्य म्हणजे जाहिरात. थॉमस जेमिनसच्या १५४८ च्या लंडनच्या वहीवर सोनार आणि भरतकामवाल्यांना फार फायद्याची असं नावातच आहे. म्हणून ती त्यांनीच घेतली असं होत नाही. ज्याच्या दुकानात तीन पिढ्यांची चित्रं आहेत त्याला बाजारातली वही कशाला हवी? उलट कारागिरांच्या संघातले (गिल्डमधले) लोक आपली नक्षी बाहेर जाऊ नये म्हणून धडपडत असणार.

आता अर्पणपत्रिका बघा. फेदेरिको दे विंचोलोची पॅरिसची वही, १५८७, फ्रान्सच्या राणीला अर्पण. चेझारे व्हेचेल्लिओ, चित्रकार तित्सियानोच्या (टिशियन) घराण्यातला, याची १५९१ ची, नाव ‘उच्चकुलीन आणि सद्गुणी स्त्रियांचा मुकुट’, अर्पण व्हिएना व्हेंद्रामिन नानी या व्हेनिसच्या बड्या घरच्या बाईंना. इसाबेल्ला पारासोलेची १६१६ ची, स्पेनच्या युवराज्ञीला. पुन्हा नावात उच्चकुलीन आणि सद्गुणी स्त्रिया आहेतच. कारागीर कुठे दिसतात यात? मोठ्या घरच्या मुलींचे हात रिकामे राहू नयेत, मन भरकटू नये, म्हणून सुई-दोरा. त्या पुस्तकांचं खरं गिऱ्हाईक ते.

आणि “पुस्तकं उरली नाहीत म्हणजे ती वापरली गेली” हा तर्क लंगडा आहे. पातळ, बिनबांधणीची पुस्तकं कुणीही न वापरताही नाहीशी होतात. जुनी पंचांगं किती उरली आहेत? वाळवी, ओल, चूल.

सुईदोरा

खडूसराव, अर्पणपत्रिकेवरून गिऱ्हाईक ठरवणं म्हणजे लग्नपत्रिकेतल्या कुलदैवतावरून जेवायला कोण आलं ते ठरवणं. राणीला अर्पण केलं की पुस्तकाला वजन येतं, छापणाऱ्याला कधी बिदागी मिळते. विकायचं मात्र बाजारातच असतं.

आणि कारागीर म्हणजे दाढीवाला, संघातला, पाटी लावून बसलेला, एवढंच का? मघाशी झुरिकच्या फ्रोशाउअरचं नाव घेतलं, त्याने १५६१ च्या सुमारास छापलेली वही एका बाईची आहे. नाव नाही, फक्त ‘आर. एम.’ ही अक्षरं. उशीवर टाचण्या खोचून, लाकडी रिळांचे धागे एकमेकांवरून फिरवून विणतात ती लेस. प्रस्तावनेत ती सांगते की हे काम १५३६ मध्ये व्हेनिसकडच्या व्यापाऱ्यांनी आमच्याकडे आणलं आणि इथल्या बायकांनी ते बघून बघून उचललं. ती स्वतः ते शिकवत होती. ही बाई कोणत्या रकान्यात टाकाल? मोठ्या घरची नाही, संघातली नाही, पण काम पोटापाण्याचं.

इसाबेल्लाचंही तसंच. युवराज्ञीला अर्पण आहे खरं, पण ती स्वतः नक्ष्या काढणारी, नवरा लेओनार्दो लाकडी ठसे कोरणारा. घर त्यावरच चालत होतं.

न्यूरेंबर्गकर

इथे कामानिमित्त राहतोय, म्हणून फ्लोटनरचं नाव वाचून थांबलो. याच गावचा योहान झिबमाखर राहिला तुमच्या यादीत. १५९७ ची एक वही आणि १६०४ ची दुसरी. लाकडी ठशांऐवजी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या, त्यामुळे चौकडी फार नेटकी, मोजायला सोपी. हरणं, मोर, फुलदाण्या, दुहेरी गरुड.

मजा पुढे आहे. १६३१ मध्ये लंडनला सुईकामाचं कौतुक करणारी एक वही छापली गेली, वर जॉन टेलर नावाच्या नावाडी कवीची कविता, आत पानं बहुतांश झिबमाखरची. तो तोवर वारलेला होता. जर्मन वहीतली हरणं इंग्रज मुलींच्या नमुनापट्ट्यांवर (टाके शिकताना भरायच्या कापडी पट्ट्यांवर) जाऊन बसली. खडूस_वाचक यांना हवा तो मुद्दा यात आहे (हौशी मुली), आणि सुईदोरा यांनाही हवा तो आहे (वही प्रत्यक्ष वापरली गेली). दोघांनी वाटून घ्या.

जरीवाली

इथे लिहायचं नव्हतं, पण टोच्यांवरून वाद चाललाय म्हणून लिहिते. माझं जरदोसीचं छोटं युनिट आहे, मुंबईच्या वेशीवर. आमच्याकडे खाका (नक्षीच्या रेघांवर भोकं पाडलेला कागद) आजही हातानेच टोचतात.

सुईदोरा ताई, तुमच्या म्हणण्यात एक गफलत आहे. मूळ चित्राला आम्ही कधीच टोचत नाही. चित्राखाली बटर पेपर, किंवा चित्र ट्रेसिंगवर उतरवून घ्यायचं आणि ते टोचायचं. एकावर एक दोन-तीन कागद ठेवून एकदम टोचलं की तेवढे खाके एका दमात तयार. मग अड्ड्यावर (लाकडी चौकटीवर) ताणलेल्या कापडावर खाका पसरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ किंवा पांढरी पावडर बोळ्याने पुसायची. कापड गडद तर पांढरी, फिकं तर नीळ. रॉकेल उडून जातं, ठिपके राहतात. खाका फाटला की दुसरा करायचा. मूळ चित्र फाइलमध्ये सुखरूप.

पाचशे वर्षांपूर्वीचा कारागीर याहून येडा होता असं मानायचं कारण नाही. पान महाग, कागद महाग, तर तो आधी नक्कल काढणार. म्हणजे पानाला भोकं नाहीत म्हणून पुस्तक वापरलं नाही असं म्हणता येणार नाही. आणि भोकं आहेत तिथे मला तरी वाटतं नवशिकीने किंवा घाईत असलेल्याने मूळ पानावरच सुई चालवली. पक्का कारागीर असं करणार नाही.

दुसरं. कुठलीही नक्षी जशीच्या तशी कापडावर जात नाही. पदर बेचाळीस इंचाचा आणि वेल अठराची, मग कोपऱ्यात काय करायचं? या वह्यांत कोपरे कसे वळवायचे ते दाखवलंय का? कारागिराच्या वहीत कोपरा असतोच. नुसती सरळ पट्टी असेल तर ती बघण्यासाठी.

कोरणीवाला

जरीवाली ताई, हा प्रश्न लाख मोलाचा. आमच्याकडेही तेच, वेल बांगडीच्या कडीवर जिथे स्वतःलाच येऊन मिळते तिथे कौशल्य.

सुईदोरा

जरीवाली, भोकांबद्दलचं तुमचं म्हणणं बिनतोड. पण मग वापराचा पुरावा शोधायचा कुठे, हा प्रश्न उरतोच.

कोपऱ्यांचं उत्तर: दोन्ही प्रकार आहेत. सरळ पट्ट्याच जास्त. एकाखाली एक चार-पाच पट्ट्या, प्रत्येकीत नक्षी जेमतेम दोनदा फिरते आणि पान संपतं. पुढचं तुम्ही जाणा. लेसच्या वह्यांत मात्र कॉलरचे, रुमालाचे कोपरे वेगळे काढलेले सापडतात. लेसला कोपरा चुकला तर झाकायला जागाच नसते.

मांडवीतीर

सगळे युरोपातच घुटमळताहात म्हणून गोव्याची एक गोष्ट. १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून जेझुइट पाद्री अकबराकडे निघाले, फेब्रुवारी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोचले. नजराण्यात अँटवर्पच्या प्लांतिनच्या छापखान्यातलं अनेक भाषांतलं बायबल. त्याच्या मुखपृष्ठांवर कमानी, स्त्रीमूर्ती, चौकटी, सगळं तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं. दरबारी चित्रकारांनी त्यातल्या आकृत्या उतरवून घेतल्या, त्यांची चित्रं आजही आहेत. पाद्र्यांना धर्म पोचवायचा होता, चित्रकारांनी वळणं उचलली. ही काही नमुन्यांची वही नव्हती, पण कारागिराच्या हातात छापील पान पडलं की तो त्याची नमुनावही करतोच.

अरबी_वेल

मांडवीतीर यांच्या प्रतिसादाला जोडून उलट दिशेचा प्रवास. या वह्यांतली सगळ्यात लाडकी नक्षी कोणती? एकमेकींत गुंतत जाणारी, दुभंगलेल्या पानांची सपाट वेल. ती युरोपची नाहीच. सीरिया-इजिप्तकडची पितळेची भांडी, पुस्तकांच्या चामडी बांधण्या, गालिचे व्हेनिसच्या धक्क्यावर उतरत होते, त्यांवरून ती घेतली. आणि त्या काळच्या लोकांनी ते लपवलंही नाही. फ्रांचेस्को पेल्लेग्रिनो, फ्लॉरेन्सचा माणूस, फ्रान्सच्या राजाकडे फॉंतेनब्लोच्या महालात कामाला. त्याची १५३० ची पॅरिसची भरतकामाची वही, तिच्या नावातच ‘अरबी आणि इटालियन ढंगाची’ असं आहे. खडूसरावांनी सांगितलेल्या जेमिनसच्या वहीच्या नावात मूर आणि दमास्कस दोन्ही हजर.

दुसरी लाडकी नक्षी घरचीच, पण जमिनीखालून आलेली. १४८० च्या सुमारास रोममध्ये नीरोच्या महालाचे गाडले गेलेले दालन सापडले. चित्रकार दोरीने आत उतरून, मशालीच्या उजेडात छतावरची चित्रं उतरवत. अर्धा माणूस अर्धी वेल, काडीएवढ्या खांबावर तोललेलं मंदिर, असली अचाट मंडळी. ती चित्रकार राफाएलच्या हाताखालच्या मंडळींनी व्हॅटिकनच्या सज्जात रंगवली, छापील पानांवरून पुढे इटलीच्या कुंभारांच्या ताटल्यांवरही आली.

नवं म्हणून जे विकलं जात होतं त्यातलं निम्मं अरबी आणि निम्मं दीड हजार वर्षं जुनं. धंदा असाच चालतो!

ओळंबा

आर्किटेक्ट आहे, इमारतींबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. हान्स फ्रेडेमान दे व्रीस. नेदरलँड्सच्या उत्तरेकडचा, अँटवर्पच्या हिएरोनिमस कॉकच्या छापखान्यातून त्याची पानं निघाली. चामड्याचे पट्टे कापून, गुंडाळून, खिळे मारून बसवावेत तशी त्याची नक्षी. चौकटी, थडगी, कारंजी, खांब, १५८३ च्या सुमारास तर पलंग-टेबलं-कपाटांचीही वही.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ वॉलटन हॉल आहे, १५८० ते ८८, बांधणारा रॉबर्ट स्मिथसन, मुळात पाथरवट. तिथल्या दगडातले पट्टे आणि वळसे दे व्रीसच्या पानांवरून आलेले. खडूस_वाचक, हा घ्या तुमचा दाढीवाला कारागीर, छापील पान हातात धरलेला. पान सपाट, सावली रेघांनी दाखवलेली. दगडात ते किती खोल घ्यायचं हे पानात कुठेच लिहिलेलं नाही. पाथरवटाने ते आपल्या हिमतीवर ठरवलंय, आणि ते इतकं जड ठरवलंय की अँटवर्पच्या माणसाने बघितलं असतं तर दचकला असता. मला वैयक्तिकरीत्या ती इमारत ओव्हरलोडेड वाटते. पण दगडावर हात फिरवावासा वाटतो हेही खरं.

खडूस_वाचक

ओळंबा, मान्य. दगड आणि सोनं तुमचं. कापड अजून माझं. बड्या घरची मुलगी वहीतून रुमाल भरते त्याला मी हौसच म्हणणार.

गावगुंड_पेशवे

हे सगळं वाचून मला इंटरमीजिएट ग्रेड परीक्षेचा संकल्पचित्राचा पेपर आठवला. दिलेल्या चौकटीत पानाफुलांची नक्षी बसवा, पोस्टर कलर, रंग बाहेर जाता कामा नये. आमचे चित्रकलेचे सर फळ्यावर एक वेल काढून द्यायचे, अख्ख्या वर्गाची तीच वेल, फक्त रंग वेगळे. सी ग्रेड मिळाली. फोग्टहेर असता तर म्हणाला असता, बरोबर आहे.

कोरणीवाला

अजून एक, मग गप्प बसतो. पुरावा कुठे शोधायचा असं ताईंनी विचारलं. बाझलला बॅझिलियस आमेरबाख नावाचा कायद्याचा प्राध्यापक होता. याने सोनारांच्या दुकानांतला माल विकत घेऊन जमवला: रेखाटनं, शिशाचे नमुने, लाकडी साचे. आज ते बाझलच्या संग्रहालयांत आहे. पुस्तकांच्या कपाटात शोधून कारागीर सापडणार नाही, तो असल्या अडगळीत सापडतो. त्यात पूर्ण नक्षी क्वचित. एखादं पाऊल, एक पान, एक सिंहाचं तोंड. आम्हीही डिझाइन असंच घेतो, तुकड्यातुकड्याने. दुकानात वही आली तरी तिचं एखादंच पान लागतं.

जरीवाली

कापड खडूसरावांना देऊन टाकू नका एवढ्यात. बड्या घरची मुलगी एकटी बसून मीटरभर लेस करत नाही. तिच्या घरात कामाला मुली असतात, बाहेर ऑर्डर देतात. माझ्याकडे गिऱ्हाईक मासिकाचं पान घेऊन येतं, “हे असं पाहिजे” म्हणून. पान तिचं, काम माझं. वही विकत कोणी घेतली आणि तिच्यावरून काम कोणी केलं, हे दोन वेगळे लोक असू शकतात. तुम्ही दोघंही एकच माणूस शोधताय.

न्यूरेंबर्गकर

+१. हा प्रतिसाद धाग्यावर टाचून ठेवा.

याला जोडून एकच. व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावर लेस जवळजवळ बंद पडली होती. १८७२ मध्ये तिथे शाळा काढली तेव्हा जुना टाका येणारी चेंचिआ स्कार्पारिओला नावाची एक म्हातारी तेवढी उरली होती. नक्ष्यांच्या वह्या ग्रंथालयांत व्यवस्थित होत्या. पण त्यांत टाका कसा घालायचा हे कुठे होतं? तो तिच्या हातात होता.

सुईदोरा

जरीवाली, पान तिचं, काम माझं, हे मला सुचलं नव्हतं आणि याने माझा मूळ प्रश्नच बदलतो. विंचोलोच्या राणीबद्दलही हेच लागू. खडूसराव, तुम्हाला राणी ठेवा, सुई आम्हाला द्या.

हौशी_कलाकार

उशिरा आले. मला यातलं काही करून बघायचंय, इतिहास तुम्ही बघा. सोप्पं काय आहे? क्रॉस स्टिच येतं.

सुईदोरा

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या साइटवर या वह्यांची पानं फुकट बघता येतात. २०१५-१६ मध्ये त्यांनी याच विषयावर प्रदर्शनही भरवलं होतं. विंचोलोच्या वहीचा दुसरा भाग काढा, तो चौकडीवरचा आहे, मूळ काम जाळीत धागा भरण्याचं, पण क्रॉस स्टिचला चालतं. त्यात एक पेलिकन पक्षी आहे, छाती टोचून पिल्लांना रक्त पाजणारा. खाली लिहिलंय की याला लांबीत ७० घरं लागतात आणि उंचीत ६५. चौदा काउंटच्या मॅटीवर (इंचाला चौदा घरं असलेल्या कापडावर) घेतलंत तर रुंदी बरोबर पाच इंच, उंची साडेचारच्या थोडी वर. एकाच रंगात करा, त्यांनीही एकरंगीच योजलंय.

हौशी_कलाकार

मॅटी अकरा काउंटची आहे घरात. चालेल का?

जरीवाली

चालेल. साडेसहा इंच जवळपास होईल. कडेला चार बोटं कापड जास्त सोडा आणि मधून सुरुवात करा, कोपऱ्यातून नको.